साडेचौदा सीसीची हौस

वेगाचा एक जागतिक विक्रम आमच्या वऱ्हाडाच्या नावावर लागला होता, हे पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना सहसा ठाऊक नसतं. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीची एक डांबरी पट्टी सलग १०५ तास ३३ मिनिटांत अंथरली गेली आणि गिनीज बुकात तिची नोंद झाली. आधीचा विक्रम कतारवाल्यांचा होता, पंचवीस किलोमीटरचा. भागाकार करून पाहिला तर आमच्या विक्रमाचा वेग ताशी पाऊण किलोमीटरही भरत नाही. पण काम संपलं ७ जूनच्या संध्याकाळी, म्हणजे बरोबर मृगाच्या तोंडावर. सरकारी काम मृगाआधी उरकलं, हा खरा विक्रम. डांबराचा मान त्यानंतरचा.

रस्ता असा गुळगुळीत झाला की माणसाच्या डोक्यात नाही नाही ते येतं. आमच्या भाऊसाहेबांच्या डोक्यात रेस आली.

भाऊसाहेब जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे आयुष्यात कधी कशाची घाई केलेली नाही. राहणार अमरावती, दारात प्रीमियर पद्मिनी. तिचं घराणं ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतात: कुर्ल्याचा प्रीमियरचा कारखाना, तिथं निघालेली फियाट ११००, उलट्या दारांची ती 'डुक्कर फियाट', मग १९६४ ची डिलाइट आणि १९७४ पासून हिचं पद्मिनी हे नाव. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेपायी रस्त्यावरून उतरली, त्या दिवशी भाऊसाहेबांनी घरात गोड होऊ दिलं नाही. वहिनी म्हणाल्या, "यांच्या आत्याबाई गेल्या तेव्हा संध्याकाळी श्रीखंड खाल्लं होतं."

तर या पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६८ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७५. ताकद चाळीसेक घोड्यांची, त्यातले काही आता पेन्शनीत निघालेले. आणि भाऊसाहेबांचा युक्तिवाद असा, की १९६४ ची मॉन्टे कार्लो रॅली ज्या मिनी कूपर एस गाडीनं मारली तिचं इंजिन १०७१ सीसीचं होतं. "म्हणजे आपल्या गाडीपेक्षा अठरा सीसीनं लहान! आणि तिची ताकद सत्तर घोड्यांची. आपलं कुठं अडलं?"

अमरावतीच्या मिस्त्रीनं बोनेटमधून डोकं न काढताच उत्तर दिलं, "थो मॉन्टे कार्लो थंड्या मुलकात हाय, साहेब. अकोल्याच्या मे महिन्यात आना म्हना तिले."

अडलं होतं ते क्रँकमध्ये, म्हणजे पिस्टनची खालीवर धाव फिरतीत बदलणाऱ्या दांड्यात. मिनी कूपर एसचा क्रँक खास पोलादाचा, नायट्रायडिंग केलेला. म्हणजे अमोनियाच्या भट्टीत तासन्‌तास तापवून वरची कातडी टणक केलेला. स्ट्रोकही आखूड, ६८ मिलिमीटरच्या आसपास. आपला क्रँक बिचारा कुर्ल्याहून दादरला चार सवाऱ्या न्यायच्या हिशेबानं घडवलेला. चार सिलिंडरांना मेन बेअरिंगं तीन. फेरे वाढले की मधल्या मोकळ्या भागात तो वाकतो, पिळतो आणि पुन्हा सरळ होतो. डोळ्यांना दिसत नाही एवढंच.

आकडे ऐकले की पोटात गोळा येतो. सहा हजार आरपीएमला पिस्टन सेकंदाला दोनशे वेळा दिशा बदलतो. पिस्टन तीनशे ग्रॅमचा धरा. वरच्या टोकाला पोचून परत फिरताना तोच क्रँकच्या पिनेला साडेचार क्विंटलच्या वर ओढ देतो. साडेचार क्विंटल कापूस घरी असला तर वऱ्हाडी माणूस भावासाठी महिनाभर पेपर बघतो. इथं तेवढं वजन एका पिनेवर सेकंदाला शंभरदा येऊन जातं. फेरे दुप्पट झाले की ओढ चौपट होते. रेसच्या इंजिनवाले सगळे क्रँकच्या मागे का लागतात, त्याचं कारण हे. कार्ब्युरेटर कोणीही बदलील.

भाऊसाहेबांनी वहीत योजना मांडली होती. जलसंपदा खात्याची सवय, त्यामुळे आधी अंदाजपत्रक. क्रँकच्या जाड्या पाळ्यांची कड तासून हलकी करायची. तेलाच्या भोकांची तोंडं गोल करायची. पिन आणि पाळी जिथं मिळतात त्या कोपऱ्याला नीट गोलाई ठेवायची, कारण तडा नेहमी तिथूनच सुरू होतो. मग सगळं बॅलन्स करायचं. आणि शेवटी, वहीत लाल शाईनं, स्ट्रोक वाढवायचा.

ही स्ट्रोकची युक्ती ऐकण्यासारखी आहे. क्रँक झिजला की त्याच्या पिना घासून बारीक करतात आणि त्या मापाचं जाड बेअरिंग घालतात. दहा, वीस, तीस, चाळीस अशी मापं, म्हणजे तेवढे थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. चाळीस थाऊ म्हणजे जवळपास एक मिलिमीटर. एरवी पिन चहूकडून सारखी घासतात. पण क्रँक मशिनवर बांधतानाच अर्धा मिलिमीटर सरकवला आणि सगळी घासाई पिनेच्या आतल्या अंगानं केली, तर पिनेचा मध्य अर्धा मिलिमीटर बाहेर जातो आणि स्ट्रोक पुरता एक मिलिमीटरनं वाढतो. चार सिलिंडरांचे मिळून साडेचौदा सीसी जास्त. पिस्टन अर्धा मिलिमीटर वर येतो, त्याची सोय वेगळी करायची.

"साडेचौदा सीसी म्हणजे नेमकं किती हो?" वहिनींनी विचारलं.

"चहाचे तीन चमचे," मी म्हणालो.

"एवढ्यासाठी क्रँक घासायला अकोल्याला जायचं? माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षी म्हणतात, अन् फियाटचा क्रँक या वर्षी!"

क्रँक ग्राइंडिंगची ती दुकानं तुम्ही पाहिली नसतील तर पाहा. अकोल्याच्या एमआयडीसीतलं एक शेड, दारात पानठेला, आत भिंतीला टेकवून उभे केलेले क्रँक. आडवे ठेवत नाहीत, वाकतात म्हणून. प्रत्येकावर खडूनं किंवा पांढऱ्या रंगानं नाव. माणसाचं नव्हे, गाडीचं किंवा गावाचं: 'महिंद्रा ५७५', 'स्वराज ७३५ बोरगाव', '४०७ अर्जंट', नुसतंच 'अर्जंट', आणि एकावर 'लय अर्जंट'. मशिन लांबलचक. भलामोठा दगड गरागरा फिरतो, त्यावर पांढऱ्या पाण्याची धार, क्रँक त्याच्यापुढे संथपणे लोळतो. मशिनवर चाचा. चाचांची भाषा अर्धी वऱ्हाडी, अर्धी हिंदी, आणि मायक्रोमीटर हातात असेपर्यंत दोन्ही बंद.

आम्ही गेलो तो मे महिना. पेरणीच्या आधीचे दिवस म्हणजे या धंद्याची दिवाळी. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर वर्षभर ठकठक करत असतो, त्याकडे लक्ष जातं ते आभाळ भरून आल्यावर. मग सगळे एकाच आठवड्यात क्रँक घेऊन येतात. पुन्हा गर्दी होते ती सोयाबीनच्या हंगामात, थ्रेशरसाठी. या दोन हंगामांच्या मधे चाचांना सवड असते, तेव्हा ते लग्नाला जातात. भाऊसाहेबांचा क्रँक नोंदला गेला आणि त्यावर खडूनं लिहिलं गेलं: 'फियाट शौक'. रांगेत सगळ्यांत शेवटी.

भाऊसाहेबांनी वही उघडून योजना वाचून दाखवली. चाचांनी ती पूर्ण ऐकली. मग पिनेवर अंगठा फिरवून एकच प्रश्न केला, "इसमें खराबी क्या है?"

"खराबी काही नाही. चांगला आहे."

"फिर घिसना काहे को?"

या प्रश्नाला ऑक्सफर्डकडेही उत्तर नसावं. वऱ्हाडातला हा सगळा धंदा मोडलेलं पुन्हा चालतं करण्याचा. खराब झालेल्या पिनेवरून चार थाऊ उतरवून मशीन पुन्हा वावरात पाठवायचं, हे इथलं शास्त्र. धडधाकट लोखंड कुणी पदरचे पैसे देऊन काढून टाकतो आहे, हे चाचांच्या आयुष्यात प्रथमच घडत होतं. शिवाय इथलं पिढ्यान्‌पिढ्यांचं आवडतं इंजिन म्हणजे विहिरीवरचं किर्लोस्कर. एक सिलिंडर, पाच हॉर्सपॉवर, पंधराशे आरपीएम आणि बाजूला दोन माणसांनी हलवावं असं चाक. चाक जड तितकं इंजिन शांत, ही इथली श्रद्धा. त्या माणसांपुढे भाऊसाहेब म्हणत होते, सगळं हलकं करा.

तेवढ्यात 'स्वराज ७३५'चा मालक पुढे आला. मघापासून बाकावर बसून तो आमचं ऐकत होता. गळ्यात दुपट्टा, तोंडात खर्रा. म्हणाला, "चाचा, तुमाले नाई समजत. पटाचा बैल नांगराले लावते का कोनी? त्याचं खानं येगयं, त्याची मालिश येगयी, छकडाबी हलका. काकाजीले गाडी पटावर न्यायची हाय, वखरावर नाई."

आणि चाचांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. जे सांगायला भाऊसाहेबांना वहीची सहा पानं लागली होती, ते बैलाच्या एका दाखल्यात झालं.

वऱ्हाडात रेसिंग नाही असं जे म्हणतात त्यांनी तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, पाहिलेला नाही. निकाल सेकंदाच्या तुकड्यांवर लागतो. जोडी कुणाची, धुरकरी कोण, बैल कुठून आणला, त्याची आई कोणती, हे सगळं पाहणाऱ्यांना तोंडपाठ. घरात पोरांना दूध मोजून मिळतं; बैलाला अंडी आणि बदाम, मोजदाद नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये शर्यती बंद केल्या तेव्हा इथल्या कित्येक गोठ्यांत सुतक होतं. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, २०२३ च्या मेमध्ये घटनापीठानं ती पक्की केली. मधली सात वर्षं लोकांनी बैल पोसले. कशासाठी, असं त्यांना कुणी विचारलं नाही. फियाटवाल्याला मात्र सगळे विचारतात.

मोटारींची रेस आमच्याकडे का रुजली नाही, याचा मी भाऊसाहेबांबरोबर परतीच्या वाटेवर पुष्कळ खल केला. मद्रासजवळ शोलावरमला महायुद्धातली एक रिकामी धावपट्टी होती. तिच्यावर मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबनं शर्यती सुरू केल्या, आणि फियाट, हेरल्ड, अॅम्बेसेडर अशा आपल्या बाजारहाटाच्या गाड्या तिथं वर्षानुवर्षं पळाल्या. आता धावपट्टी म्हणाल तर अकोल्यालाही आहे. शिवणीची, दुसऱ्या महायुद्धाच्याच काळातली. तिच्यावर नेमाची विमानंही उतरत नाहीत. विस्ताराचं घोडं बरीच वर्षं जमिनीपाशी अडलं होतं. मोकळी जागा होती, ऊन होतं, रिकामी माणसं तर विपुल. पण शिवणीला आजवर डोळ्यांत भरणारा वेग फक्त धुळीच्या वावटळीनं घेतला.

कोइम्बतूरचं उदाहरण तर जास्त झोंबतं. तेही कापसावर जगणारं शहर. तिथल्या गिरणीमालकाच्या घरातले एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरांचं इंजिन एका आसनाच्या गाडीत बसवलं आणि फॉर्म्युला मारुती नावाचा प्रकार उभा केला. त्यातूनच कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन पुढे आला आणि २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरला. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. कोइम्बतूरच्या शर्यतीच्या मैदानाला आज त्यांचं नाव आहे. कापूस पिकवायचा आम्ही आणि त्याच्या गिरणीतून रेसर निघायचा त्यांच्याकडे. कापसाच्या भावाबद्दल तक्रार करणारे पुढारी हा मुद्दा कधी घेत नाहीत.

असो. पेरण्या झाल्या, पाऊस लागला, आणि 'फियाट शौक'चा नंबर आला.

घासण्याआधी चाचांनी क्रँक तपासला. ही तपासणी मी जवळून पाहिली. आधी त्यांनी एका टोकाला दोर बांधून तो साखळीला टांगला आणि लहान हातोडीनं हळूच वाजवला. चांगला क्रँक देवळातल्या घंटेगत घुमतो, तडकलेला बद्‌ वाजतो. आमचा घुमला, पण चाचांनी मान तिरकी केली. मग तो फडक्यानं रॉकेलमध्ये न्हाऊ घातला. थोडा वेळ ठेवून कोरडा पुसला. खडू किसून त्याची भुकटी प्रत्येक पिनेच्या कोपऱ्यावर चोळली, सगळं पांढरं झालं. आणि पुन्हा हातोडीचे दोन-तीन टोले. आम्ही वाकून बघत होतो. तिसऱ्या पिनेच्या गोलाईत, पांढऱ्या भुकटीतून, केसाहून बारीक काळी रेघ वर आली. तड्यात मुरलेलं रॉकेल टोल्यानं बाहेर येऊन खडूत भिजलं होतं.

"गया," चाचा म्हणाले.

भाऊसाहेबांनी रेघेवर नख फिरवलं. नखाला काही लागलं नाही. इंजिन खोलण्याच्या आदल्या रविवारी गाडी याच क्रँकवर बडनेऱ्याला जाऊन आली होती.

"अजून चालला असता का?"

"बैल टूटा तो बैल का डॉक्टर है. ये टूटा तो कनेक्टिंग रॉड ब्लॉक फाड के बाहर आता."

दुसरा क्रँक कुर्ल्याहून आला. सीएसटी रोडच्या भंगारगल्लीतून, कुठल्यातरी टॅक्सीच्या पोटातला. आवाज खणखणीत, खडूची परीक्षा पास. पण माप लावलं तर आधीच तीसवर घासलेला. म्हणजे खेळायला उरले दहा थाऊ. त्यात स्ट्रोक वाढून वाढून पाव मिलिमीटर वाढणार, साडेतीन सीसी. एक चमचाही नाही. आणि आधीच बारीक झालेली पिन एका अंगानं आणखी खाल्ली, तर ती मेन बेअरिंगच्या भागापासून बाहेर सरकते, दोघांची पकड कमी होते आणि क्रँक नेमका तिथंच कमकुवत होतो. चाचांनी नाही म्हणून सांगितलं. वहीतली लाल शाईची ओळ तशीच राहिली. भट्टीतल्या टणक कातडीचाही विचार झाला. पण ती कातडी अर्ध्या मिलिमीटरच्या आतच असते, पुन्हा घासला की गेली. चाळीसपर्यंत पोचणाऱ्या क्रँकवर तो खर्च म्हणजे भाड्याच्या घराला संगमरवर.

मग जे शहाण्या माणसानं आधीच करावं ते झालं. पिना साफ करून गोलाई नीट घेतली, तेलाची भोकं मोकळी केली आणि क्रँक, फ्लायव्हील, क्लचची प्रेशर प्लेट असा सगळा संच पुण्याला बॅलन्सिंगला पाठवला. हे बॅलन्सिंग लोकांना चैनीचं काम वाटतं. एक हिशेब पाहा. मध्यापासून पाच सेंटीमीटरवर दहा ग्रॅमचा फरक असेल, तर पंधराशे फेऱ्यांना तो सव्वा किलोचा हिसका देतो. किर्लोस्करच्या जड चाकाला तो कळतही नाही. सहा हजार फेऱ्यांना तोच वीस किलोचा होतो, सेकंदाला शंभर वेळा. माझं मत विचाराल तर जुन्या गाडीवर एकच खर्च करायचा असेल तो हा. घोडा एकही वाढत नाही, पण आहेत ते एका दिशेनं ओढतात.

संच परत आला तेव्हा त्याच्यावर पंचाच्या खुणा होत्या. खुणेला खूण जुळवूनच बसवायचा, नाहीतर पुण्याचे पैसे पाण्यात. अमरावतीचा मिस्त्री म्हणाला, "मले सांगता? पंचवीस वर्सांपासून फियाट खोलून राह्यलो." भाऊसाहेब तरीही स्टूल टाकून समोर बसले. खुणा जुळेपर्यंत त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

आता गाडी कशी चालते? सुंदर. पूर्वी साठच्या पुढे स्टिअरिंगमधून हातांना मुंग्या यायच्या, त्या थांबल्या. उभी असताना इंजिन चालू आहे की बंद, ते बोनेटला हात लावून बघावं लागतं. भाऊसाहेबांचं दुःख नेमकं हेच आहे. रेसचं इंजिन म्हटल्यावर शेजाऱ्यांना कळायला नको? शेजारचे जोशी विचारून गेले, "फियाट विकली का हो? आवाज येत नाही हल्ली." विक्रमी रस्त्यावर भाऊसाहेब तिला नव्वदपर्यंत नेतात, मग वहिनी खाकरतात आणि ती पंच्याहत्तरवर येते.

साडेचौदा सीसींवर त्यांनी अजून पाणी सोडलेलं नाही. आरसी बुकात १०८९ लिहिलंय, वाढले तर आरटीओला काय सांगायचं, या मुद्द्यावर त्यांचं एका वकिलालाही घेरून झालं. वकिलानं आधी फी सांगितली, मग तीन चमच्यांचा हिशेब ऐकून माफ केली.

म्हणून एक विनंती. अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम, कुठंही कुणाच्या माळ्यावर, गोठ्यात किंवा बंद पडलेल्या गॅरेजात फियाट ११०० चा किंवा पद्मिनीचा स्टँडर्ड मापाचा, एकदाही न घासलेला क्रँक पडलेला असेल, तर तो किलोच्या भावानं भंगारात देऊ नका. उभा करून ठेवा, ग्रीस लावा, आणि अकोल्याला चाचांकडे पोचवा. फक्त मे-जूनमध्ये आणू नका. पेरणी होईपर्यंत नंबर लागणार नाही.